मोजणीबाहेर

मणदूरच्या नाक्यावर वहीत नाव लिहिलं,
माणसं एक, बाटल्या दोन.
बाटल्यांचे शंभर रुपये अनामत.
"परत आणल्या की मिळतील," गार्ड म्हणाला,
आणि धाकलू झोरे पुढं निघाला
मागं न बघता.

बत्तीस वर्षं मी सांगलीत
भूमी अभिलेखच्या टेबलावर काढली.
गट नंबर, बांध, हद्दीचे दगड;
पाय ठेवायचा तर आधी नकाशा.
इथं फाटा आला तरी पाटी नाही,
झाडाला चुन्याचा पट्टासुद्धा नाही.
"वाट कुठाय?"
"ही काय."
त्यानं दाखवलं ते नुसतं गवत होतं,
जरा कललेलं.
गव्यानं कललं की माणसानं, ते त्यालाच ठाऊक.

कारवीच्या वाळल्या काठ्यांत शिरताना
मी गुपचूप रुमालाची चिंधी फाडली
आणि एका फांदीला बांधली. सवय.
पुढं आणखी एक.
अंजनीखाली भाकरी खाल्ली, तिथून उठताना तिसरी.

झोळंबीच्या सड्यावर ऊन खडखडीत.
कातळाच्या खळग्यांत शेवाळाचे पापुद्रे,
बोट लावलं की चुरा.
वर एक गरुड, काहीच न करता.

सडा उतरल्यावर एक सपाटी लागली.
भिंत नाही, जोतं नाही,
रानतुळस कमरेएवढी.
चालता चालता धाकलूनं पाय
विनाकारण वीतभर उंच उचलला
आणि पलीकडं ठेवला.
मी विचारलं नाही.
"उंबरा हुता," तो म्हणाला.
आमच्या दप्तरी त्या गावावर
एक तिरकी लाल रेघ आहे.
ती कुणी मारली, आता आठवत नाही.
मग बराच वेळ
आम्ही दोघांनी फक्त पाचोळा वाजवला.

परतताना तो तीन वेळा थांबला.
तिन्ही गाठी सोडल्या,
चिंध्या माझ्या हातात ठेवल्या.
"खूण दिसली की मागनं माणूस येतंय,"
एवढंच.

नाक्यावर बाटली एकच भरली.
गार्डनं पन्नास कापून घेतले.
"उद्या आणून देतो," धाकलू म्हणाला,
"अंजनीखाली ऱ्हायलीया."
"कुठल्या अंजनीखाली? शेकड्यानं आहेत."

तो गोंधळून बघत राहिला,
घरातल्या माणसाचं कुणी
आडनाव विचारावं तसा.