धंतोली, सकाळी साडेसात

उपाशीपोटी आली ना, मी विचारते.
मान हलते. मग आई सांगते,
क्रीमचं एक बिस्कीट खाल्लं वो, रडत होती.

नाव चार्वी हेडाऊ. आठ वर्षं, चार महिने.
चिठ्ठीवर इस्ट्राडिऑल, एलएच, एफएसएच,
आणि खाली, मागाहून आठवल्यासारखं, सीआरपी.

हे शेवटचं काऊन?
अंगात कुठं धग आहे का, ते बघतात.
ताप नाही तिला, आई घाईनं म्हणते.

तापाशिवायही असते धग.
मे महिन्यात गच्चीवरची टाकी
बाहेरून मुकाट असते,
नळाखाली हात धरेपर्यंत.

आहाराच्या रकान्यात आईनं लिहिलंय : घरचं.
पोरगी बोटं मोजते :
फाटकावरची पिवळी पाकिटं दोन,
लाल शरबत,
बाबा दुकान बंद करून आणतात ते मंचुरियन…
आई तिच्या दंडाला हळूच चिमटा घेते,
जिथं मी आता पट्टा बांधणार आहे तिथंच.

तेलानं हार्मोन पेटतात
की दोघं नुसतेच एका बाकावर बसलेत,
डॉक्टरही जपूनच बोलतात.
मी शीर शोधते.

फ्रॉकच्या आत नवी बनियन, तिला टोचतेय.
सुईकडे न बघता ती विचारते,
मावशी, मी आता खेळायचं नाही का?

नळी हातात कोमट लागते.
नाव लिहिताना माझं अक्षर बिघडतं.

माझ्या पिशवीत सुजलचा डबा राहून गेलाय.
चौदा संपलं, आवाज अजून फुटला नाही.
डबा मीच भरलाय.
उघडून बघायची गरज नाही.