चौऱ्याहत्तर सालची

दुमागेतेच्या शोरूममध्ये पोरानं कापड ओढलं
आणि मला आधी हसू आलं.
म्हातारपणाचं सोंग घेऊन उभी होती,
शाळेच्या नाटकात
पावडरीनं केस पांढरे केलेल्या मुलीसारखी.
गोल दिवा, सायरंगी टाकी,
तपकिरी सीटवर उभी शिवण.
किलोमीटर : चार.

"क्लासिक, मॅम," पोरगा म्हणाला.
रेनांते नाव, मिसरूड नुकती फुटलेली.
मी विचारलं, किक कुठाय?
तो म्हणाला, किक कशाला?
बटण दाबलं. सुरू झाली.
रुसवा नाही, खाकरणं नाही.
इतकी शहाण्यासारखी वागणारी गाडी
मी जन्मात पाहिली नव्हती.

कारण मी खरी पाहिलेली आहे.
पोन्सियानोची. चौऱ्याहत्तरची.
तिच्या टाकीला कुठलाच रंग उरला नव्हता.
उभी राहील तिथे तेलाचा ठिपका ठेवायची,
मांजरानं हद्द आखावी तसा.
किक उलटली की नडगी सोलून निघायची.
आमचं लग्नानंतरचं पहिलं भांडण
तिच्या कार्बोरेटरवरून,
शेवटचंही त्यावरूनच झालं असतं,
पण त्यालाच जायची घाई झाली.

ही त्या गाडीसारखी दिसत नाही.
ही दिसते त्या गाडीच्या आठवणीसारखी :
धुऊनपुसून, तेल गाळून,
नडगी वगळून.

तरी घेतली.
अठ्ठावन्न वर्षांच्या सुईणीचे
दोन्ही पाय जमिनीला टेकले, टाचांसकट.
हा पहिला गुण.
क्लच दोन बोटांत येतो,
सांधे धरलेल्या बोटांतसुद्धा.
उणं म्हणाल तर हॉर्न,
कोंबडीचं पिल्लू पायाखाली आल्यासारखा.
आरशात माझी कोपरं दिसतात,
कोपरांमागे थोडासा रस्ता.
साठच्या पुढे गेलं की तळपायांना मुंग्या येतात.
(हे गाडीबद्दल. माझी साठी अजून दोन वर्षांवर आहे.)

गुरुवारी रात्री पालिनपिनॉनहून निरोप आला,
जोनालिनला कळा सुरू.
पिशवी मागे कॅरियरला आवळली :
हातमोजे, नाळेचे चिमटे, वजनकाटा,
आणि एक बिस्किटाचा पुडा, तो माझा.
वालेन्सियाच्या पुढच्या चढाला
तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरली,
दुसऱ्यात टाकली तशी मुकाट चढली.
डोंगरातल्या वाफेच्या विहिरींचा गंधकी वास
हेल्मेटच्या आत शिरला.
आणि तो दिवा!
चेहरा जुना, पण आत नवा पांढरा एलईडी.
रस्त्याच्या कडेला कठडा नाही,
खाली नारळाचे शेंडे,
सगळं लख्ख.
पोन्सियानोच्या मिणमिणत्या पिवळ्या उजेडात
बावीस वर्षं मी याच रस्त्यानं मागे बसून गेले होते,
कधी कधी पेंगतसुद्धा.
तो मला कुठून कुठून नेत होता
ते त्या रात्री कळलं.
गाडी थांबवून दोन बिस्किटं खाल्ली.

मुलगी झाली. पहाटे चारला,
तीन किलोला जराशी कमी, भयंकर रागावलेली.
हात धुऊन अंगणात आले
तर जोनालिनचा आजोबा, एल्पिदिओ,
डोळ्यांत मोतीबिंदू,
टाकीवरून हात फिरवत उभा,
म्हैस बाजारात पारखतात तसा.
"कुठल्या सालची?"
खरं सांगायला तोंड उघडलं.
"चौऱ्याहत्तरची."
"तरीच," तो म्हणाला.
"आता अशा बनवत नाहीत."
मी मान हलवली.
त्याला दिसली नसेल म्हणून म्हटलंही, "नाहीच बनवत."

मग निघायची पंचाईत.
बटणाचा तो गुणी आवाज
म्हाताऱ्याच्या कानांवर कसा घालणार?
उतारच होता, तशीच ढकलत नेली
केळीच्या वळणापलीकडे.
कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं.
सीटवर बसले,
उजवा पाय हवेत जोरात मारला एकदा,
आणि मग अंगठ्यानं बटण दाबलं.

नडगीला काही लागलं नाही.