एफ सहा

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून आदगोंडा चौगले सोमवारीच येतात.
बगलेत नवा लॅपटॉप, वरचं प्लास्टिकही न काढलेला,
आणि शर्टाला मळी घातलेल्या वाळूचा वास,
जो सुट्टीच्या दिवशीही जात नाही.

"ह्यात जुनं घालून द्या," म्हणाले.
जुनं म्हणजे ते, हिरव्या टेकडीचं.
पॅटर्न कोरणारं त्यांचं मशीन
त्याच्याशिवाय कुणाशी बोलत नाही,
आणि मशीन ज्यांनी विकलं त्यांच्या नंबरावर
हल्ली इचलकरंजीतली एक बाई फोन उचलते,
आणि शिव्या देते.
अकराशे पॅटर्न आहेत आत.
पंपांचे, व्हॉल्व्हचे,
एक कुठल्याशा देवळाच्या घंटेचा.

सीडी घुरघुरली. निळा पडदा, पांढरी अक्षरं.
तळाशी एक ओळ येते:
बाहेरचा ड्रायव्हर घालायचा असेल तर एफ सहा दाबा.
पापणी लवली की गेली.
वेळेत दाबलंच, तर फ्लॉपी मागते.
"फ्लॉपी म्हणजे?" तौफिकनं विचारलं.
मी हवेत बोटानं चौकोन काढून दाखवला.
तो हसला, मी खोटं सांगतेय असं वाटून.

मग ते ठाम उत्तर:
या संगणकात हार्ड डिस्क नाही.

"न्हाई म्हंजे? पैसं मोजल्यात की मी."

मी मागचे स्क्रू काढले. डिस्क त्यांच्या हातात दिली.
भंगार तोलतात तशी त्यांनी तोलून पाहिली.
आहे. थंड आहे, वजन आहे, कंपनीचा शिक्का आहे.
फक्त जिनं बघायचं
तिच्या काळी हा रस्ताच नव्हता,
त्यामुळे रस्त्यापलीकडचं घरही नाही.

मला यात नवल वाटत नाही.
राजारामपुरीत हा गाळा घेतला
तेव्हा पहिली दोन वर्षं
माणसं दारात यायची, माझ्या डोक्यावरून आत बघायची,
"कोण न्हाई का दुकानात?"
काउंटरवर मी. हातात सोल्डरिंगची कांडी,
टोकातून धूर निघत असलेली.
आदगोंडांनीही विचारलं होतं.
त्यांना आठवत नाही. मी काढत नाही विषय.

बायोसमध्ये एक शब्द बदलून
नव्या डिस्कला जुनीचं सोंग देता यायचं पूर्वी.
या लॅपटॉपवाल्यांनी तो शब्दच काढून टाकलाय.
म्हणजे ड्रायव्हर सीडीतच मुरवायचा,
पिठात मीठ मळतात तसा,
नंतर वरून भुरभुरून उपयोग नाही.

पहिली सीडी: चिपसेट भलताच.
दुसरीनं डिस्क ओळखली, फायली उतरवल्या,
तौफिकनं भडंगाचा पुडा फोडला,
आणि रिस्टार्ट झाल्यावर पुन्हा निळं,
शेवटी एक सात, एक बी.
भडंग तिघांनी गुमान खाल्लं.
आदगोंडांनी मिरच्या वेचून कडेला ठेवल्या.
मी चिठ्ठीवर आकडे जुळवत बसले,
विक्रेत्याचा आकडा, उपकरणाचा आकडा,
चार-चार अक्षरं, एक चुकलं तर सगळं चुकलं.
बाहेर ऊन आठव्या गल्लीच्या टोकाला गेलं.

तिसरीनंतर, साडेपाचला,
यादीत एकच ओळ आली:
इतकी इतकी जागा, अजून वाटणी न झालेली.

"आली व्हय," आदगोंडा म्हणाले,
गावाहून कुणी उतरावं तसं.

"आवाज येणार नाही," मी सांगितलं, "वायफाय लागणार नाही,
आणि नेटला तर जोडूच नका."
"मशिनीच्या फुडं कुणाचा आवाज ऐकू येतोय?"
पैसे मोजले, लॅपटॉप बगलेत मारला,
प्लास्टिक तसंच.

दारात एक पोरगा उभा, चार्जर हातात,
माझ्या डोक्यावरून आत कुणाला तरी शोधत.
चपलेत पाय घालता घालता आदगोंडा म्हणाले,
"बाई हैत की. समोर."

सीडीवर नाव लिहायला मी ड्रॉवर उघडला.
मार्कर वाळला होता.