उणे ऐंशी

बाहेर शेहेचाळीस, आत उणे ऐंशी.
मधे मी, हातात लोकरीचे मोजे.
मे महिन्यात नागपुरात लोकरीचे मोजे घालणारी
बहुधा एकटीच बाई.

उद्या शेवटच्या सह्या. त्याआधी फ्रीझर रिकामा करायचाय.
बर्फ खरवडते तशी वर्षं हाती लागतात,
ब्याण्णव, सत्त्याण्णव, दोन हजार तीन,
माझ्याच अक्षरात,
जे आता मलाही धड लागत नाही.

यकृत म्हणजे जकात नाका,
असं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले.
बाहेरून आलेलं काहीही इथं थांबवतात,
गोळी, दारू, वैदूची पुडी,
झडती घेतात, ऑक्सिजनचा एक कण चिकटवतात,
पाण्यात विरघळेल असं करतात,
मग म्हणतात, जा.
पुढं जकातच बंद झाली
आणि मला उपमा बदलावी लागली.
एन्झाइमला त्याचं काही नव्हतं.

लाइट गेली की तुळशीराम उरकुडे
सायकल काढायचा, इतवारीतून बर्फाची लादी आणायचा
पोत्यात गुंडाळून. घामानं आणि बर्फानं
पाठ सारखीच ओली.
उणे ऐंशीपुढं साध्या बर्फाचा काडीचा उपयोग नाही
हे मी त्याला कधी सांगितलं नाही.
त्याला ते ठाऊक होतं.

संत्र्यावर सहा वर्षं गेली.
कुठल्याशा परदेशी फळाचा रस
औषधाची वाट अडवतो असं वाचलं,
आणि कळमन्याहून टोपली उचलली.
साल, रस, आतला पांढरा पापुद्रा,
बियासुद्धा वाटल्या, गाळल्या, मोजल्या.
आमच्या संत्र्यानं कुणाचीच वाट अडवली नाही.
'काही होत नाही' हे छापायला
कुणी तयार नव्हतं.
पण ते सहा हिवाळे लॅबमध्ये
फॉर्मॅलिनचा वास कुणाला आला नाही.

तुळशीरामची कौतिका. टीबी.
गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले असतील.
एका संध्याकाळी तो दाराशी उभा,
"मॅडम, म्हन्ते का पाय माहे नाहीत."
वॉर्डात म्हणाले होते, अशक्तपणा आहे.
मी म्हटलं, सकाळी बाटली आण.

रात्री बारापर्यंत मोजत बसले.
तिचं शरीर गोळीला हळूहळू निरोप देत होतं,
पहिली बाहेर पडायच्या आत दुसरी दारात.
यात दोष कुणाचा नाही,
आईकडून थोडं, बापाकडून थोडं
आलेलं असतं हे हळूपण.
चिठ्ठीवर दोनच ओळी लिहिल्या,
डोस कमी करावा, सोबत बी-सहा.

पावसाळा संपता संपता
कौतिका तीन जिने चढून वर आली,
जवसाची चटणी घेऊन, एका हातानं कठडा धरून,
प्रत्येक पायरी मोठ्यानं मोजत.

आलेखावर तो एकच ठिपका.
एका ठिपक्यातून रेष काढता येत नाही,
म्हणून तो माझ्या कुठल्याच पेपरात नाही.

त्याच रात्री, सगळं मांडलेलंच होतं म्हणून,
माझंही मोजलं होतं.
मीही हळू.
माझ्या पहिल्या शोधनिबंधावर ज्यांनी आपलं नाव आधी घातलं
ते सर वारून अकरा वर्षं झाली.
ते अजून माझ्या रक्तात आहेत.
त्याला एन्झाइम नसतं, मला समजतं. तरी.

खोब्रागड्यांची अस्मिता दारात उभी,
तिच्या पेट्यांना जागा हवी आहे.
'कौ. उ.' लिहिलेली कुपी
मी मोज्याच्या तळव्यावर धरून राहिले.
धुकं विरलं, मग शाई पसरली,
मग ती नुसती काच झाली.
तीही पिवळ्या पिशवीत टाकली.

खाली गेटवर नवा चौकीदार,
हातात गोळ्यांचं पाकीट,
"मॅडम, हे जेवनाच्या आधी का नंतर?"
स्कूटीची किल्ली पर्समध्ये परत टाकली,
तापलेल्या पायरीवर रुमाल टाकून बसले,
चष्मा चढवला.
म्हटलं, बसा.
याच्याबरोबर आणखी काय काय घेता ते
आधी सगळं सांगा.