तिसऱ्या गेटवरची मडकी

डॉक्टर हुद्दार सायकलवरूनच आले दुकानात,
डोक्यावर पिवळं टोपरं, हनुवटीखाली पट्टा,
खिशात चार घोषणा. चारही यमक जुळवलेल्या.
"शट्टुप्पा, तिसऱ्या गेटजवळची भिंत मिळालीय.
सायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं, असं झकास लिही."

मी विचारलं, कुठल्या अक्षरांत?
डॉक्टर म्हणाले, दोन्ही.
मी विचारलं, वर कुठली?
डॉक्टरांनी चहा मागवला.

बेळगावात चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय.
डांबर फासलेली पाटी रॉकेलनं पुसायलाही येते मला.
दोन्ही लिपींची अक्षरं हाताखालून गेली,
तेव्हा एवढं कळलंय, की कुठलंच अक्षर
डोक्यावर काही घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.
इकडं शिरोरेखा, तिकडं तलकट्टू.
माणसंच तेवढी बोडकी.

म्हटलं, डॉक्टर, भिंत राहू दे. अक्षरंच नकोत.

खानापूरला गेलो, मष्णू कुंभाराकडं.
चाळीस मडकी सांगितली, डोक्याएवढी.
त्यानं माझ्याच कवटीला सुतळी गुंडाळून माप घेतलं,
मग बोटाच्या पेरानं टकटक केली,
भट्टीतून काढल्यावर करतो तशी.
"कच्चंय," म्हणाला. हसला नाही.

मग चेहरे.
उद्यमबागच्या फौंड्रीत रात्रपाळीला जाणारा, भुवया करपलेला.
येळ्ळूरचा दूधवाला.
सरकारी सायकलीवरची आठवीतली पोरगी, एक रिबीन सुटलेली.
कॅरेजला रताळ्यांचं पोतं बांधून येणारा कंग्राळीचा कुणी.
वीस जणांना टोपरी रंगवली, बकलासकट.
वीस तशीच ठेवली
आणि त्यांच्या कपाळावर एक तडा काढला,
श्वास धरून, सगळ्यात बारीक ब्रशनं.

मालगाडी आली की गेट पडतं,
आणि पडलेल्या गेटपुढं माणसाला
बघण्याशिवाय दुसरं काम नसतं.
डबे जायचे, जमीन थरथरायची,
तारेवरची मडकी एकमेकांना लागून
खण्ण वाजायची.
कुणीतरी म्हणालं, "हे आपला लक्काप्पा न्हवं?"
मागचा एक कन्नडमध्ये म्हणाला, तोच तो.
लक्काप्पा तिथंच होता, एक पाय जमिनीवर टेकून,
स्वतःकडं बघत.
गेट उघडलं तरी हलला नाही,
मागून हॉर्न वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लक्काप्पाचं मडकं गायब.
मग दूधवाल्याचं. मग पोरीचं.
बोडकीच जायची सगळी, टोपरीवाली शाबूत.
आपलं तडकलेलं डोकं चारचौघांत टांगलेलं
कुणाला बघवेल?
डॉक्टर गेटजवळ वही घेऊन मोजत बसले:
सोमवारी सात हेल्मेटं, शुक्रवारी एकोणीस,
पुढच्या सोमवारी परत अकरा.
मोहीम म्हणावी की चोरी, त्यांना ठरवता येईना.

शेवटी बोडकं एकच राहिलं.
ते कुणी नेईना.
जवळ जाऊन बघितलं. कानावर पेन्सिल,
गालावर मस, मिशीला लागलेला निळा रंग.
मी काढलं नव्हतं ते.

मलप्रभा माझ्याकडं शिकायला येते, वडगावातनं.
ब्रश धूत होती. फारच वेळ धूत होती.
"ह्याचं टोपरं राहिलं की गं."
"तुम्ही घाटल्यावर रंगवतो की, मामा."

खडेबाजारात घेतलं. करडं, त्यातल्या त्यात स्वस्त.
आत थर्माकोलचा वास, कानामागं खाज,
आणि पेन्सिल खोचायला जागाच नाही.
तीन दिवस घालून गेटवरनं गेलो, आलो.
मडकं बोडकं ते बोडकंच.

"अगं, घातलं की मी!"
"पोस्टाच्या पुढं काढून हँडलला अडकवलासा.
बघिटलं मी.
पुढचा आठवडा बघतो आणि," म्हणाली,
शिडीवर चढली,
आणि माझ्या कपाळावरचा तडा
जरा ठळक करून ठेवला.