अस्सल बरहुकूम

जगात जर्मनी, भारतात परभणी.
म्हणीत अमेरिकेला जागा नाही,
माझ्या प्रबंधात आहे. मार्चअखेर, एकशे वीस पानं,
विषय खंदारे मॅडमनी दिलेला:
पोलिसांनी घरात शिरण्याआधी
दार वाजवावं की नाही, तिकडं आणि इकडं.

कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिका एका कपाटात आहे.
किल्ली शिपायाकडे.
शिपाई रजेवर.
म्हणून मोबाईल. रोजचा दीड जीबी,
त्यातला अर्धा धाकटा रील बघून संपवतो.

पहिल्या रात्री नुसतं विचारलं,
तर कायदा सांगणारी दुनिया अंगावर आली.
एक पान म्हणे, अपघात झाला का? आत्ता फोन करा.
एक म्हणे, निकाल वाचा, आधी कार्डाचा नंबर टाका.
एकानं तर मागताक्षणी तीन खटले दिले,
वादी, प्रतिवादी, साल, पृष्ठ,
सगळं इस्त्री केलेलं.
तिन्ही शोधले. एकही जन्मलाच नव्हता.

पण एक वाक्य गवसलं होतं:
उंबऱ्याबाहेर सरकार राहतं, उंबऱ्याच्या आत माणूस.
अकरा ठिकाणी तेच,
अकरा ठिकाणी त्याच न्यायालयाच्या नावावर.
मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, हिरव्या शाईनं.
अकरा जण खोटं कशाला बोलतील?

दुसऱ्या दिवशी कोर्टात
नक्कल विभागाच्या भिंतीला टेकून
गौसोद्दीन चाचा बसलेले.
निजामाच्या वेळची कागदं वाचून देतात,
मुंतखब, फसली सन, मोडून पडल्यासारखी ती उर्दू.
पानाला पन्नास रुपये.
विद्यार्थी असेल तर उलट चहा.
समोर जिंतूरकडचे दोन भाऊ,
हातात चार झेरॉक्स.
चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चार कहाँ हैं? एकच है ये.
झेरॉक्स का झेरॉक्स गवाही नै देता, बाबा.
अस्सल कौन से दफ्तर में है?
मोहर के नीचे क्या लिखा, वो देखो."

मी तिथंच उभी, माझी अकरा वाक्यं घेऊन.

त्या रात्री वाक्याच्या मागं मागं गेले,
लेखातून तळटिपेत, तळटिपेतून दुसऱ्या लेखात,
परक्या गावात पत्ता विचारत जावं तशी.
शेवटी न्यायालयाच्या स्वतःच्या ओसरीवर.
रंग नाही, जाहिरात नाही.
तारीख, क्रमांक, आणि वर बारीक अक्षरात:
छापील खंड निघेपर्यंत यात दुरुस्ती होऊ शकते.
आपण चुकू शकतो, असं म्हणणारं
सबंध आठवड्यात हे पहिलंच पान.
त्याच्यापाशी बसावं वाटलं.

सत्तेचाळीस पृष्ठं.
वाक्य एकोणचाळिसाव्यावर.
वर न्यायमूर्तींचं नाव,
नावापुढं एकच शब्द: असहमत.

निकाल उलटा लागला होता.
दार न वाजवता उघडलेलं दार
पाच विरुद्ध चारनं कायदेशीर होतं.
अकरा जण खोटं बोलले नव्हते,
कुणी वरचं नाव वाचलं नव्हतं, एवढंच.

सुनावणीचा आवाजही तिथंच जपून ठेवलेला.
लावला.
वकील अर्धं वाक्य बोलतो, न्यायमूर्ती मधेच तोडतात.
आपल्याकडच्यासारखंच.
स्वयंपाकघरातून आई, "कोण भांडायलंय गं?"
म्हटलं, दार वाजवायचं का नाही ते ठरवायलेत.
"ह्यात काय ठरवायचं?
वाजवावंच की."

हिरवं वाक्य खोडलं नाही.
पहिल्या पानावरून उचललं,
चौऱ्याहत्तराव्या टिपेत ठेवलं,
पुढं लिहिलं: अल्पमत.
आणि क्षणभर आईचंही नाव घालावं वाटलं
त्या न्यायमूर्तींच्या शेजारी.

सोमवारी चाचांनी लांबूनच विचारलं,
"मिला अस्सल?"
"मिळाला. पण उलटा निघाला."
"निकलता है," ते म्हणाले,
आणि कँटीनकडं दोन बोटं दाखवली.