पाटी धरणारा

अल ऐनला बाहेर सेहेचाळीस असतं
तेव्हा आत माझा बर्फ उणे पाचवर असतो.
माझा म्हणतो, कारण पाइपातलं ग्लायकॉल,
कॉम्प्रेसरचा खोकला, रात्रीचे आकडे,
सगळं माझ्या वहीत आहे.
त्याआधी मिरकरवाड्याला होतो, मासळीच्या बर्फावर.
लाद्या फोडायच्या, बांगड्यावर टाकायच्या.
तिथं बर्फाला कुणी नावं ठेवत नसे.

इथं ठेवतात.
मी यंत्रावर बसून पंधरा मिनिटं मैदान घोटतो,
वरचे दिवे त्यात मोजता यावेत असं,
आणि तो येतो, पायांना गाद्या बांधलेला,
गोलपुढची निळी जागा
स्केटच्या पात्यानं खरवडून काढतो.
उजवीकडून डावीकडे, मग उलट.
पहिल्या वर्षी मी मराठीत शिव्या घातल्या.
त्यानं स्लोव्हाकमध्ये परत केल्या.

यारोस्लाव. वर्कशॉपमधला नसीम त्याला यारो म्हणे,
एकट्या माणसाला अनेकवचन.
पण तेवढ्या गावांचे शर्ट होते त्याच्याकडे:
पोप्राड, मिश्कोल्ट्स, कझाकस्तानातलं एक खाणीचं गाव
जिथं पगार पाच महिने बुडाला.
(माझा शारजात सात. हे ऐकल्यावर
त्यानं मला पहिला चहा पाजला.)
वरच्या लीगमध्ये एकच रात्र:
मुख्य गोली तापानं आडवा, हा बाकावरून उठला,
अठ्ठावीस अडवले, तीन गेले,
सकाळी मुख्य गोलीचा ताप उतरला.

विचारलं, खरवडतोस कशाला?
म्हणाला, गुळगुळीत बर्फावर सगळ्यांना पळता येतं.
मला थांबायचं असतं.

तेव्हा शाळेमागच्या आट्यापाट्या आठवल्या,
चुन्यानं आखलेल्या.
मी पाटी धरायचो, पळायला दम नव्हता म्हणून.
गावात लोणार करणाऱ्यांची नावं अजून निघतात,
रेघेवर हात पसरून उभ्या राहिलेल्याचं
कोण काढणार.
हे त्याला इंग्रजीत सांगायला गेलो
आणि फरशीवर ओल्या बोटानं रेघा काढत बसलो.
त्याला कळलं, किंवा नाही कळलं. मान हलवली.

खरवडलेला भुगा मी मागच्या दारानं ओततो.
ऑगस्टात तिथं कमरेएवढा ढीग,
वीस मिनिटं.
शेजारच्या बांधकामावरचे सेंटरिंगवाले येतात,
मूठभर मानेवर ठेवतात, कुणी हेल्मेटात भरून नेतो.
यारोही यायचा,
ढिगाला कंबर टेकून बसायचा, विव्हळत.
दोन्ही खुबे झिजलेले.
डॉक्टरनं बस म्हटलं तेव्हा सदतीस होता.
त्यानंतर चार हंगाम इथं.

शेवटच्या रात्री केक होता, नावात एक अक्षर चुकलेलं.
सगळे पांगल्यावर म्हणाला, ये, उभा राहा.
त्याचा मुखवटा माझ्या डोक्यावर:
आत वीस वर्षांचा घाम, आंबलेल्या ताकासारखा.
जाळीतून मैदान लहान दिसतं
आणि जे येतं ते आपल्याकडेच येत असतं.
त्यानं दहा चकत्या मारल्या. हळू, असं तो म्हणाला.
नऊ गेल्या.
एक मांडीवर बसली. अडवली म्हणायची की लागली म्हणायची,
तो मात्र ओरडला,
दोन हात वर, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून.
तीन आठवडे मांडी काळीनिळी होती.

त्याच्या जागेत कायम खळगा पडायचा,
रोज बादलीनं भरावा लागे.
आता नवा पोरगा आहे, हुशार, दोन पायांत लोणी.
खळगा पडत नाही.
परवा घोटून झाल्यावर मीच
बुटाच्या टाचेनं दोनदा खरवडून पाहिलं.
बूट घसरला.
वहीत लिहिलं:
उणे पाच पूर्णांक दोन. गळती नाही.